अहवाल नव्वद दिवसांचा, प्रश्न तीस वर्षांचा

प्रश्न: सहा वर्षं एका सामाजिक संस्थेत ‘एम अँड ई’ म्हणजे देखरेख आणि मूल्यमापनाचं काम केलं. ते करता करता पीएचडीही झाली, विषय वस्ती पातळीवरच्या समित्यांमधला लोकसहभाग. आता एका विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून निवड झाली आहे. त्याच आठवड्यात एका सल्लागार कंपनीचंही बोलावणं आलं, तिथला पगार बराच जास्त आहे. गाइड म्हणतात, विद्यापीठात जा. सहकारी म्हणतात, तिथे गेलीस की फील्ड सुटलं, मग लोकांच्या दुःखावर पेपर लिहीत बसशील. ते वाक्य फार लागलं. शिवाय आमच्या संचालकांनी आत्ताच सांगून ठेवलंय, की तू प्राध्यापक झालीस की आमच्या कार्यक्रमाचं मूल्यमापन तूच कर, बाहेरच्या माणसापेक्षा बरं. आणि खरं सांगायचं तर माझं सांख्यिकी कच्चं आहे. चौतिसाव्या वर्षी हे सगळं नव्याने सुरू करावं का? (नाव छापू नये.)

उत्तर: विद्यापीठात जा. पण एका अटीवर. जे फक्त विद्यापीठच देऊ शकतं, ते वापरायची तयारी असेल तरच जा. नाहीतर कंपनी बरी. काम साधारण तेच, पैसे जास्त, आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासावे लागत नाहीत.

विद्यापीठ देतं ते काय? लांबचा काळ, आणि नको असलेलं उत्तर छापण्याचा हक्क. या दोन गोष्टींचं मोल कळायला एक जुनी हकिगत सांगते. या विषयात उतरणाऱ्या प्रत्येकाने ती सुरुवातीलाच ऐकावी असं मला वाटतं.

अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन शहरांत 1939 साली एक कार्यक्रम सुरू झाला. कल्पना रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरांची. गरीब वस्त्यांतली मुलं पुढे गुन्हेगारीकडे वळू नयेत, म्हणून त्यांना एक जिव्हाळ्याचं मोठं माणूस मिळवून द्यायचं. वय, घर, स्वभाव अशा गोष्टी जुळवून मुलांच्या जोड्या लावल्या. मग नाणं उडवून जोडीतल्या एकाला कार्यक्रमात घेतलं, दुसऱ्याला काहीच दिलं नाही. समुपदेशक घरी जात, अभ्यासात मदत करत, डॉक्टरांकडे नेत, उन्हाळी शिबिरांना पाठवत. सरासरी पाचेक वर्षं हे चाललं, 1945 मध्ये कार्यक्रम संपला. लगेचच्या तपासणीत दोन गटांत फरक दिसला नाही. तेव्हा लोक म्हणाले, थांबा, असल्या कामाचं फळ उशिरा येतं.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने ही 506 मुलं, म्हणजे आता मध्यमवयीन झालेले पुरुष, कोर्टाच्या, दवाखान्यांच्या आणि मृत्यूच्या नोंदींतून शोधून काढली. कार्यक्रमातल्या ज्यांनी प्रश्नावलीला उत्तरं पाठवली, त्यांतले सुमारे दोन तृतीयांश म्हणाले, आम्हाला फायदा झाला. नोंदी मात्र वेगळंच बोलत होत्या. एकाहून अधिक गुन्हे, दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू अशा अनेक बाबतींत मदत मिळालेला गट न मिळालेल्या गटापेक्षा वाईट स्थितीत होता. हे 1978 मध्ये छापून आलं. असं का झालं याचं पटण्याजोगं एक स्पष्टीकरण यायला 1999 उजाडलं. मॅकॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा चाळली, तेव्हा नुकसान मुख्यतः पुन्हा पुन्हा उन्हाळी शिबिराला गेलेल्या मुलांमध्ये एकवटलेलं दिसलं. ऐन वयातल्या मुलांना एकत्र आणलं, आणि ती एकमेकांकडून नको ते शिकली असावीत.

सुरुवात 1939, स्पष्टीकरण 1999. आता सांगा, कोणत्या सल्लागार कंपनीच्या करारात हे बसलं असतं? कंपनीला नव्वद दिवस मिळतात. त्यातले वीस परवानग्यांत आणि पंधरा सादरीकरणाच्या स्लाइड्समध्ये जातात. उरलेल्या दिवसांत लोकांना विचारलं जातं, ‘तुम्हाला फायदा झाला का?’ आणि लोक, अगदी मनापासून, हो म्हणतात. कार्यक्रम बंद होऊन एक पिढी गेल्यावर त्याच माणसांना शोधत फिरायला पैसे कोणी देत नाही, कारण उत्तर कोणालाच नको असतं. हे काम करायला पुढच्या कंत्राटावर ज्याची चूल अवलंबून नाही असा माणूस लागतो. विद्यापीठाची नोकरी म्हणजे ही सोय. ती घेऊन नव्वद दिवसांचेच अहवाल लिहीत बसणारे प्राध्यापक भरपूर आहेत. त्यांच्यात भर घालायला तुम्ही जाऊ नये.

गाइडनी विद्यापीठात जा म्हणताना हे सगळं सांगितलं असेलच असं नाही. गाइड लोकांना आपली गादी चालवणारं कोणीतरी हवं असतं, आणि त्यात वावगं काही नाही.

आता सहकाऱ्यांचा टोमणा. तो लागला ते बरंच झालं. ज्यांना तो लागत नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते. पण त्यांनी मांडलेली निवड, एकीकडे फील्ड आणि दुसरीकडे पेपर, मुळात खोटी आहे. समुदाय विकास आणि मूल्यमापन ही जोडी पुस्तकी नाही. भारतात 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच महिन्यात त्याचं मूल्यमापन करायला नियोजन आयोगाच्या आधाराने एक स्वतंत्र कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी राहिली. काम सुरू होतानाच ते तपासणारी यंत्रणा! जगात इतक्या लवकर हे फार थोड्या ठिकाणी झालं. पुढे 1957 मध्ये बलवंतराय मेहता समितीने हा कार्यक्रम तपासला आणि दुखणं नेमकं सांगितलं: लोकांचा पुढाकार निर्माण झाला नाही, योजना वरून खाली येत राहिल्या. उपाय म्हणून त्रिस्तरीय पंचायत व्यवस्थेची शिफारस झाली. तुमचा पीएचडीचा विषय त्याच प्रश्नाची आजची बाजू आहे. तो सोडवायला कोणीतरी बसून विचार करायला हवा, आणि तो विचार छापायलाही हवा, म्हणजे पुढच्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

लोकांचा वापर होतो हे मात्र खरं आहे. शेरी आर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासिकेने 1969 साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, ती तुम्ही प्रबंधात वापरली असणारच. सगळ्यात खाली लोकांना हाताळणं, मधे माहिती देणं, मत विचारणं, तोंडदेखलं सामावून घेणं, आणि वर भागीदारीपासून पुढे प्रत्यक्ष नियंत्रण. ही शिडी आपण कायम सरकारला आणि संस्थांना लावतो. स्वतःच्या संशोधनाला लावून बघा. संमतीपत्रावर सही घेणं ही कितवी पायरी? प्रश्नावली आपण ठरवून आणतो, उत्तरं घेऊन जातो, आणि लेख वस्तीतल्या कोणाच्या हाताला न लागणाऱ्या जर्नलमध्ये येतो, ही कितवी?

म्हणून काही गोष्टी पहिल्या प्रकल्पापासून पाळा. निष्कर्ष जर्नलकडे जाण्याआधी वस्तीत जाऊ द्या, तोंडी, त्यांच्या भाषेत, त्यांच्या सवडीच्या वेळी. त्यासाठी निधीच्या प्रस्तावातच वेगळी रक्कम मागा. नंतर ती कधीच मिळत नाही. लोक निष्कर्षांशी भांडले तर ते भांडणही लेखात यायला हवं. माहिती गोळा करणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांना आभाराच्या ओळीत कोंबू नका. विश्लेषणात त्यांचा हात असेल तर लेखकांच्या यादीत त्यांचं नाव असावं. आणि ‘समुदायाचं म्हणणं’ हा शब्दप्रयोग जपून वापरा. समितीच्या बैठकीत बोलणारे चारजण म्हणजे समुदाय नसतो. भाड्याने राहणारे, नव्याने आलेले, बैठकीच्या वेळी कामावर असलेले, आणि ज्यांच्या घरात बाईने बोलायचं नाही असं ठरलेलं आहे त्या बायका, यांचं म्हणणं बहुधा वेगळंच असतं. सहा वर्षं फिरल्यावर हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. विद्यापीठात गेल्यावर विसरू नका एवढंच.

आता नोकरीतल्या रुक्ष गोष्टी. करिअर इथेच घडतं किंवा अडकतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संस्थेतला अहवाल आणि शोधनिबंध यांत अंतर मोठं आहे. अहवाल सांगतो, या कार्यक्रमाचं काय झालं. शोधनिबंध सांगतो, अशा प्रकारच्या कार्यक्रमांबद्दल यातून काय कळलं. तुमच्याकडे पहिल्या प्रकारचं लिखाण ढीगभर असणार. त्यातला एकही अहवाल जसाच्या तसा ‘अमेरिकन जर्नल ऑफ इव्हॅल्युएशन’ किंवा ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट जर्नल’ घेणार नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण त्या ढिगात एखादा प्रश्न वारंवार डोकं वर काढत असेल. उदाहरणार्थ, निधी संपल्यावर कोणत्या समित्या टिकतात आणि कोणत्या विरतात? तो तुमचा प्रश्न. पुढची पंधरा-वीस वर्षं लोकांनी तुम्हाला त्या प्रश्नावरून ओळखावं. पोषण, पाणी, कौशल्य प्रशिक्षण, जिथे निधी तिथे आपण, असं फिरत राहिलात तर यादी लांबेल, ओळख होणार नाही.

कोणताही मूल्यमापनाचा करार सही करण्याआधी तीन कलमं बघा. निकाल काहीही आला तरी छापण्याचा हक्क तुमच्याकडे आहे का? निधी देणाऱ्याने मसुदा आधी वाचावा, चुका दाखवाव्यात, त्याला महिना-दोन महिने मुदत असावी, हे रास्त आहे. ‘लेखी परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येणार नाही’ हे मात्र रास्त नाही. ते वाक्य निघत नसेल तर तो कन्सल्टन्सीचा अहवाल आहे असं समजून करा किंवा सोडा, संशोधनात धरू नका. दुसरं, मूळ माहिती कोणाकडे राहणार? नावं-पत्ते काढून टाकलेली एक प्रत तुमच्याकडे राहिली नाही, तर दहा वर्षांनी त्याच माणसांकडे परत जाण्याचा रस्ताच बंद होतो. परत जाण्यासाठी संपर्काची यादी वेगळी, कुलूपबंद आणि लोकांच्या संमतीने ठेवावी लागते. ती संमतीही पहिल्याच भेटीत घ्यायची असते. तिसरं, एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात लोकांचं नुकसान होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, मान्यता. ती माहिती गोळा करण्याआधीच घ्या, नुसता ‘अंतर्गत आढावा’ असला तरी. मागाहून ‘यावर लेख होईल’ असं सुचलं तर गेलेल्या तारखेची मान्यता कोणी देत नाही, आणि चांगली जर्नल्स तिच्याशिवाय लेख उघडूनही बघत नाहीत. संस्थेतून विद्यापीठात येणारी कितीतरी मंडळी याच दगडाला अडखळतात.

प्रमोशनचं घड्याळ आणि वस्तीचं घड्याळ जुळत नाही. विश्वास जमायला दोन वर्षं लागतात, आणि विभागप्रमुख पहिल्याच वर्षअखेरीला विचारतात, किती पेपर झाले? याच्यावर तक्रार करत बसण्यात अर्थ नाही. घड्याळाभोवती काम लावता येतं. पहिली दोन वर्षं फील्डमध्ये नवं नातं जोडताना लिखाण दुसरीकडून करा: प्रबंधातले दोन निबंध, आधी झालेल्या अभ्यासांचा एक नीट केलेला आढावा, आणि कोणाच्या तरी उपलब्ध माहितीवर नवं विश्लेषण. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नल्सच्या वाटेलाही जाऊ नका. आकडा वाढतो, पण यादी वाचणाऱ्याला सगळं समजतं.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी 1990 मध्ये असा मुद्दा मांडला की विद्वत्ता फक्त नव्या शोधात नसते. वेगवेगळ्या विषयांची सांगड घालणं, ज्ञान प्रत्यक्ष वापरात आणणं आणि शिकवणं हीसुद्धा विद्वत्ताच. भाषणांत सगळे याला मान डोलावतात. प्रमोशनच्या समितीत किती मान्य होतं ते विभागागणिक बदलतं, म्हणून रुजू होण्याआधी विचारा. वस्तीसाठी लिहिलेला अहवाल, धोरणासाठी दिलेली टिपणं कुठे धरली जातात? फील्डच्या दिवसांत तास कोण घेतं? प्रकल्पाच्या निधीतून विद्यापीठ किती टक्के कापून घेतं? प्रवासाची बिलं किती महिन्यांनी मिळतात? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण स्वतःच्या खिशातून सहा-सहा महिने फील्ड चालवणारे लोक त्याच प्रश्नाने मेटाकुटीला येतात.

शिकवण्याकडे ओझं म्हणून बघू नका. मूल्यमापन हा वर्गात बसून येणारा विषयच नाही, आणि छोट्या संस्थांना ते परवडत नाही. विद्यार्थ्यांचे गट करून वर्षाला दोन-तीन छोट्या संस्थांचं काम हाती घेता येतं. तुमचं फील्ड सुटण्याची भीती अर्धी तिथेच संपते.

संचालकांना नाही म्हणा. गोड शब्दांत, पण लवकर. बाहेरच्यापेक्षा तुम्ही बऱ्या, हे त्यांचं म्हणणं प्रेमाचं आहे, आणि नेमकं त्याच कारणासाठी ते चालणार नाही. ज्या कार्यक्रमाचं यश मोजण्याचे निर्देशक तुम्ही ठरवले, ज्याच्या आकड्यांवर तुमची सही आहे, त्याचा निवाडा तुम्ही कसा देणार? चांगला दिलात तर कोणी विश्वास ठेवणार नाही. वाईट दिलात तर जुने संबंध जातील, आणि वर लोक म्हणतील की जाताना हिशेब चुकते केले. मात्र सगळंच तोडू नका. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी 1967 मध्ये फॉर्मेटिव्ह आणि समेटिव्ह असे मूल्यमापनाचे दोन प्रकार वेगळे केले. पहिलं चालू काम सुधारण्यासाठी, दुसरं ते किती यशस्वी झालं हे ठरवण्यासाठी. पहिल्या प्रकारची मदत तुम्ही खुशाल करा: वर्षातून दोनदा बसा, माहिती वाचा, काय बदलावं ते आपापसांत बोला. दुसऱ्यासाठी त्यांना बाहेरचं माणूस शोधून द्या. कधी त्या कार्यक्रमावर लिहिलंत तर आपण तिथे काम करत होतो हे पहिल्याच पानावर सांगा.

राहिलं सांख्यिकी. हो, ते शिकावं लागेल. समुदायासोबत काम करणाऱ्यांमध्ये एक फॅशन आहे, आकड्यांना नाकं मुरडायची. आणि आकडेवाल्यांमध्ये दुसरी, यादृच्छिक प्रयोगाशिवाय, म्हणजे नाणं उडवून गट पाडल्याशिवाय, सगळं गप्पाटप्पा म्हणायची. दोन्ही गटांपासून सावध राहा. मेक्सिकोत 1997 मध्ये प्रोग्रेसा ही योजना सुरू झाली. गरीब कुटुंबांनी मुलांना शाळेत पाठवावं, आरोग्य तपासण्या कराव्यात, त्या बदल्यात रोख रक्कम. तिच्या मूल्यमापनात 506 गावं होती, त्यांतल्या 320 गावांत योजना आधी गेली आणि 186 गावांत नंतर. ही भक्कम तुलना हाताशी होती, म्हणून 2000 मध्ये सत्ता बदलल्यावरही योजना टिकली, नुसतं नाव बदललं. कथा आणि छायाचित्रांच्या जोरावर ती टिकली नसती असं मला वाटतं. उलट बाजूने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल सांगून गेले आहेत, की एखाद्या आकड्यावर जितके निर्णय टांगाल तितका तो आकडा भ्रष्ट होत जातो. महिनाअखेरीला लक्ष्य पूर्ण दाखवण्यासाठी रजिस्टरं कशी भरली जातात हे तुम्ही पाहिलंय. फील्ड न पाहिलेल्या अर्थतज्ज्ञाला ते कोणीतरी समजावून सांगावं लागतं. तुमचं भांडवल हेच आहे, त्याला लागून आकड्यांची भाषा आली की झालं.

किती यायला हवं? ‘कार्यक्रम नसता तर काय झालं असतं’ या प्रश्नाला आकड्यांतून उत्तर कसं काढतात, ते समजण्याइतकं. प्रतिगमन (रिग्रेशन), नमुन्याचा आकार, गावागावांचे गट असताना गणित कसं बदलतं, आधी-नंतरच्या फरकांची दोन गटांत तुलना. अवघड गणिती प्रारूपं (मॉडेल्स) सहलेखकावर सोडा, पण त्याला चुकीच्या जागी थांबवता आलं पाहिजे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पीटर रॉसी यांनी 1987 मध्ये अर्धवट विनोदाने एक पोलादी नियम सांगितला होता: मोठ्या सामाजिक कार्यक्रमांचा मोजलेला निव्वळ परिणाम शून्याच्या आसपास येईल असंच धरून चाला. तुमच्याही हाती अनेकदा शून्यच येईल. ते खरंच शून्य आहे, नमुना छोटा पडला आहे, की कार्यक्रम कागदावरच राहिला आणि वस्तीत पोहोचलाच नाही, हे सांगता येणं म्हणजे या धंद्यातली निम्मी अक्कल. तिसरी शक्यता ओळखायला सहा वर्षांचं फील्ड लागतं. पहिल्या दोन वर्गात बसून येतात.

चौतीस हे वय त्यासाठी अजिबात जास्त नाही. रुजू होईपर्यंतच्या महिन्यांत एखादा वर्ग लावा, आणि सरावाला पुस्तकातली उदाहरणं घेऊ नका. संस्थेची परवानगी काढून तिथली एखादी जुनी बेसलाइन, म्हणजे कार्यक्रमाआधी गोळा केलेली माहिती, घ्या. त्यातल्या अर्ध्या रकान्यांना तुम्हीच नावं दिली असतील, त्यामुळे संगणकाने वेडंवाकडं उत्तर दिलं तर ते कोणत्या वस्तीतल्या कोणत्या रजिस्टरमुळे, हेसुद्धा तुम्हाला आठवेल.